मुलाखतीआधीचा फ्लेक्स

१२ जून
घोडेगाव. शेवटचा तास झाल्यावर स्टाफरूममध्ये यादी उघडली. मुलाखतीसाठी चौदा नावं. माझं अकरावं. जागा दोन.
नाव तीनदा वाचलं. माझंच होतं.
पीएच.डी.साठी हा तिसरा प्रयत्न. पहिल्यांदा परीक्षेतच अडकले. दुसऱ्यांदा मुलाखतीपर्यंत गेले आणि दहा मिनिटं इतरांच्या पुस्तकांबद्दल बोलले. माझं काय ते कोणी विचारलं तेव्हा गप्प. आता एकोणचाळीस. पुन्हा अर्ज नाही. हे अर्ज भरतानाच ठरवलं होतं.
दत्ताला मेसेज: यादीत नाव आलं. आईला कळव.
वाडीत रेंज नाही. चुलतभावाचं, दत्ताचं, दुकान स्टँडसमोर. तो मुक्कामी गाडीच्या कंडक्टरजवळ सांगावा देतो, गाडी संध्याकाळी वाडीत पोचते, रात्रभर तिथेच थांबते. तेवढ्यात सगळ्यांचं सगळं कळतं.
मुलाखत २७ ला. पंधरा दिवस.

१४ जून
सकाळी खोलीतून निघाले. स्टँडसमोर माझा चेहरा. सहा बाय चार.
फोटो दत्ताच्या लग्नातला. उजव्या खांद्यावर कोणाचा तरी हात, मनगटापासून कापलेला. वर: पुणे येथील विद्यापीठात पीएच.डी.साठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुक अकरा. मधोमध दत्ता, गॉगल लावून. त्याचा चेहरा माझ्याहून थोडाच लहान.
दुकानात गेले.
"दत्ता, निवड झालेली नाही. मुलाखतीला बोलावलंय."
"यादीत नाव आलं म्हनलीस की."
"मुलाखतीच्या यादीत."
"मग तसं लिवायचं ना, ताई. दोन शब्द जास्त पडत व्हते का?"
मुलांना मी वर्षभर सांगते, अनावश्यक शब्द काढा.
"उतरव तो."
"आत्ता लावलाय. आत्ता उतरवला तर लोक म्हनतील, कायतरी भानगड झाली."
काकू आतून बाहेर आली. दत्ताची आई. म्हणाली, "राहू दे गं. लई छान दिसती. तुझ्या आईला दाखवायला पायजे." मग लगेच, "मी न्हाई दाखवनार." आई आणि काकू दोन वर्षं बोलत नाहीत. काकू घोडेगावात राहायला आली तेव्हा घरातला पाटा घेऊन आली. वरवंटा आईकडे राहिला. दोघीही मिक्सर वापरतात.

१६ जून
कॉलेज. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून उभं राहून हात जोडले. म्हटलं, सर, अजून मुलाखत आहे. ते म्हणाले, "हो हो, ती औपचारिकता." शिपाई पेढे घेऊन आला. कोणी आणवले माहीत नाही. एक मी खाल्ला. खोटा पेढाही गोडच लागतो.
गेली नऊ वर्षं इथे तासिकेवर आहे. प्राचार्य आज पहिल्यांदा उभे राहिले.

१७ जून
जुन्नर. फ्लेक्स इथे छापतात. प्रेसवाला यासीन. दत्ता फोनवर मजकूर पाठवतो, हा छापतो. मी म्हटलं, मजकूर चुकलाय, दुरुस्त करून नवा द्या, खर्च मी करते.
"काय लिहायचं?"
"मुलाखतीसाठी बोलावल्याबद्दल."
यासीनने कळफलकावरचे हात काढून घेतले.
"मॅडम, बावीस वर्षं छापतोय. वाढदिवस, निवड, नेमणूक, दहावं, उरूस. बोलावल्याबद्दल कोणी लावत नाही. बोलावणं तर बँकेचंपण येतं."
हसले. तोही हसला.
"माझ्या मुलीचा नर्सिंगचा निकाल लागायचा आहे," तो म्हणाला. "तिचा छापून ठेवलाय. घरात गुंडाळून. लागला की लावणार."
"नाही लागला तर?"
"मागची बाजू कोरी असते."
नवा फ्लेक्स न घेता परत आले. गाडीत विचार केला: त्याने गुंडाळून ठेवला, दत्ताने लावला. फरक एवढाच.

१९ जून
झोप कमी. आराखडा रोज काढते, रोज कमी करते. बावीस पानांचा सोळा झाला. विषय: सांगावा. तोंडी पाठवलेला निरोप. तो चार तोंडांतून जातो तरी तसाच पोचतो, कारण मुळातच छोटा असतो. कशावर उभा राहतो, काय गाळतो. एवढंच.
स्टँडवरून जाणं टाळते. मागच्या गल्लीने जाते. तिथून फ्लेक्सची मागची बाजू दिसते. पांढरी. ती बरी वाटते.

२२ जून
रविवार. वाडी. शाळेच्या ओट्यावर माझा सत्कार. मला कोणी विचारलं नव्हतं. गाडीतून उतरले तर खुर्च्या मांडलेल्या.
आईला बाजूला घेऊन सांगितलं. निवड नाही, मुलाखत आहे.
ती थोडा वेळ पदराच्या टोकाशी खेळली.
"मंग आता काय करायचं?"
"खरं सांगते त्यांना."
"शाल दिल्यावर सांग. आधी सांगितलंस तर देयाची का न्हाई, त्यांची पंचाईत."
शाल, नारळ. माइक हातात आला. मी सांगितलं: निवड झालेली नाही. चौदा जणांना बोलावलंय. जागा दोन. माझं नाव अकरावं. फ्लेक्सवर चूक झाली, ती माझ्यामुळे. मी पूर्ण वाक्य लिहिलं नव्हतं.
टाळ्या. भरपूर.
सरपंच म्हणाले, एवढी शिकून बाई किती नम्र, पोरांनी शिकण्यासारखं आहे.
पुन्हा सांगितलं. पुन्हा टाळ्या.
मागून ठकूआत्या ओरडली, "आरं, ती न्हाई म्हनतीय!" ठकूआत्या म्हणजे शेजारीण, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत सगळ्या बायांची कप्तान. "न्हाई झाली निवड. व्हयाचीय." मग माझ्याकडे बघून, "बस खाली. व्हईल. नारळ काय परत घेत न्हाईत."
आता हसले लोक. टाळ्या थांबल्या. हलकं वाटलं. निदान एका गावाला माहीत आहे.

२६ जून
पुणे. मैत्रिणीकडे मुक्काम. आराखडा नऊ पानं.
तिने विचारलं, भीती वाटते का. म्हटलं, मागच्या वेळेपेक्षा कमी. मागच्या वेळी कोणाला माहीत नव्हतं. पडले तर एकटी पडणार होते. आता पडले तर सहा बाय चार पडणार.

२७ जून
झालं. लिहून ठेवते, विसरायच्या आत.
समोर तिघं. डावीकडे चष्मा. उजवीकडे एक सर, पूर्ण वेळ माझे कागद उलटत होते. मधोमध बाई, पांढरे केस, पेन बंद करून ठेवलेलं.
चष्मा: "सांगाव्याला साहित्य का म्हणायचं? ही तर माहिती झाली."
मागच्या वेळची मी असते तर तीन पुस्तकांची नावं घेतली असती. तोंडाशी आलीही होती. म्हटलं, "माझे वडील भावकीचे सांगावे घेऊन जायचे. पायी. कोणी गेलं की डोंगरापलीकडच्या सोयऱ्यांना कळवायला."
बाई: "एखादा सांगा."
उभी राहिले. का ते तेव्हा कळलं नाही. वडील, आमचे दादा, उभं राहून सांगायचे, उंबऱ्याबाहेर. आत जायचे नाहीत, पाणी घ्यायचे नाहीत. मी खुर्चीमागे उभी राहून म्हटलं:
"'तुमच्या ताईला बरं न्हाई. हातातलं काम ठेवा आन् निघा.'"
"मग?"
"ताई गेलेली असायची."
"ऐकणाऱ्याला ते कळायचं?"
"हो. नुसतं 'बरं न्हाई, या' असेल तर काम आटपून निघायचे. 'हातातलं काम ठेवा' आलं की चूल तशीच सोडून निघायचे. मरण त्या तीन शब्दांत. 'मेली' हा शब्द रस्ताभर कोणीच उच्चारायचा नाही. दादा सात कोस चालायचे आणि तो शब्द न बोलता पोचवायचे."
उजवीकडच्या सरांनी कागद उलटणं थांबवलं.
चष्मा म्हणाला, बसा. बसले. नंतर वीस मिनिटं प्रश्न. एकाही पुस्तकाआड लपले नाही. एका प्रश्नाला म्हटलं, माहीत नाही, तेच शोधायचंय. आवाज माझाच होता, वाडीतला, थोडा मोठा.
निघताना बाईंनी पेन उघडून काहीतरी लिहिलं. दोन-तीन शब्द असावेत.
बाहेर आले. पाऊस. छत्री आतच विसरले होते. परत गेले नाही. शिवाजीनगरपर्यंत भिजत चालले आणि हसत होते. निकाल काय लागायचा तो लागो. आज मी बोलले.

३० जून
तास तीन. दत्ता रोज विचारतो, "लागली का यादी?" त्याचं काळीज माझ्याहून जास्त धडधडतंय. लोक दुकानात येऊन विचारतात, तुझ्या ताईचं विद्यापीठ कधी सुरू. तो म्हणतो, व्हनार व्हनार.

४ जुलै
यादी लागली. दोन नावं. त्यात मी नाही.
खाली एक ओळ. प्रतीक्षा यादी. क्रमांक एक. माझं नाव.
निवडलेल्यांनी १६ तारखेला पाचपर्यंत प्रवेश घ्यायचा. नाही घेतला तर प्रतीक्षा यादीतल्याला फोन. फोन लागला नाही तर अर्जावरच्या दुसऱ्या क्रमांकावर. दुसरा क्रमांक दत्ताचा आहे.
चौदातली तिसरी. हे वाक्य मनात दिवसभर. अकराव्या नावावरून तिसरी. आनंद करावा की नाही, ठरत नाही. केला थोडा. चहा घेतला, क्रीमरोल घेतला.

५ जुलै
दत्ताला पूर्ण वाक्यात सांगितलं. दोन जण निवडले, त्यांच्यानंतर मी, त्यांतलं एक गळलं तरच मला जागा, १६ पर्यंत कळेल.
त्याने दोनदा म्हणवून घेतलं. मग शिडी काढली. स्वतःच. वर चढून दोऱ्या सोडल्या. फ्लेक्स वाऱ्याने त्याच्या अंगावर आला, माझा चेहरा त्याच्या डोक्यावर.
रिक्षावाले बघत होते. एक म्हणाला, "काय दत्ताभाऊ, निवड रद्द?"
दत्ता शिडीवरून, "रद्द न्हाई, राव. वेटिंग. वन नंबर."
खाली आल्यावर माझ्याकडे बघितलं नाही. फ्लेक्सची घडी घातली, मुक्कामी गाडीच्या टपावर टाकली. "वाडीला जाऊ दे. कापड जाड हाय."
त्याला सांगायचं होतं, चूक तुझी नव्हती. सांगितलं नाही. आता इथे लिहिते.

८ जुलै
विभागाला फोन. "कळवू."

१० जुलै
फोन. "कळवू, मॅडम. रोज करू नका."
कॉलेजातून आठवड्याची रजा. आवणीला वाडीत जाते. तिथे रेंज नाही. जाऊ नये, असं वाटलं. पण सावड आहे. आई गेल्या आठवड्यात चौघींच्या खाचरांत राबली, आता त्या आमच्या खाचरात येणार. आमच्या घरची दुसरी बाई मी. विद्यापीठ तर एरवीही मला रेंज असताना फोन करत नाही.

१२ जुलै
भाताची आवणी. सकाळपासून कंबरेत वाकून. पाऊस सुरू, थांबत नाही.
खाचराच्या बांधावर पोचले आणि थबकले. पूर्वी डोक्यावरून पाठीवर पानांची इरली घेत, पाऊस लागू नये म्हणून. आता ती विणायला वेळ कोणाला. खताच्या गोण्या, प्लॅस्टिक. यंदा फ्लेक्स. ठकूआत्याने कात्रीने पाच तुकडे केले होते. पाच बाया वाकलेल्या, पाच पाठी वर.
एका पाठीवर माझा डोळा आणि अर्धं कपाळ. दुसऱ्या पाठीवर हनुवटी आणि तो कापलेला हात. एकीवर 'हार्दिक अभि'. ठकूआत्याच्या पाठीवर 'निवड झाल्याबद्दल'. आईच्या पाठीवर शुभेच्छुक. दत्ता गॉगल लावून आईच्या पाठीवर. जन्मात पहिल्यांदा खाचरात उतरला.
"मंदे, तुझ्या तोंडावर पाऊस पडतोय गं. मला थेंब लागत न्हाई."
"बापरे, ही माझ्याकडं एका डोळ्यानं बघतीय."
उतरले. मूठभर रोपं घेतली. चिखल गार. एका ओळीत सहा जणी, मागे मागे सरकत.
ठकूआत्या: "ते वेटिंग म्हंजे काय नक्की? एस्टीत उभं ऱ्हाऊन जायाचं, तसं?"
"तसंच. कोणी उतरलं तर जागा."
"मंग उतरतं की. मंचरला निम्मी गाडी मोकळी हुती."
"ही गाडी पुण्याची आहे, आत्या. मंचरच्या पुढची."
"मंग नाशिकफाट्याला उतरतील. तू दांडीला धरून उभी ऱ्हा. खाली उतरू नको म्हंजे झालं."
सगळ्या हसल्या. मी इतकी हसले की रोपं हातातून सुटली.
पहिलं खाचर दुपारपर्यंत झालं. सरळ रेघा. वर उभं राहून पाहिलं. पाच तुकडे पुढच्या खाचरात उतरत होते. माझ्या चेहऱ्याचं इतकं चांगलं काही आजवर झालं नव्हतं.

१४ जुलै
दुसरं, तिसरं खाचर. हात फुगलेत, पेन नीट धरता येत नाही. १६ परवा.

१५ जुलै
काही नाही. पाऊस.
आई जेवताना म्हणाली, "न्हाई झालं तर?"
"तर तासिका आहेतच."
"आन् ते सांगाव्याचं?"
"ते लिहीन. त्याला कोणाची परवानगी लागत नाही."
बोलल्यावर कळलं, हे खरं आहे. आईने भात वाढला. विचारलं नव्हतं तरी.

१६ जुलै
हे नीट लिहायला हवं.
शेवटचं खाचर. संध्याकाळचे सव्वासहा. पाच वाजून गेले होते, मी घड्याळाकडे एकदाच पाहिलं होतं. मुक्कामी गाडी वळणावर दिसली. कंडक्टर खाली उतरून बांधापर्यंत आला. तिथूनच हाक मारली.
"मंदाबाई हायेत का? दत्ताचा सांगावा हाय. म्हनला, हातातलं काम ठेव आन् उद्या पैल्या गाडीनं नीघ."
आणि वळला. ड्रायव्हर चहासाठी हाका मारत होता.
आईच्या हातातली रोपांची मूठ चिखलात पडली.
मीही तशीच. दत्ताने पाठवलेला. हातातलं काम ठेव. एकच अर्थ. दत्ताच्या घरात तो, बायको, काकू.
आई मटकन बांधावर बसली. "माझी जाऊ गेली गं." आणि हंबरडा. दोन वर्षांत जिचं नाव घेतलं नाही तिचं नाव घेऊन. "पाटा तुलाच देते म्हनायचं ऱ्हायलं गं माझं. वरवंटा बी ने म्हनायचं ऱ्हायलं." बाया भोवती जमल्या. ठकूआत्याने तिला धरलं आणि स्वतःही रडायला लागली. वरच्या खाचरातून माणसं धावली. कोणीतरी घराकडे सांगायला पळालं.
मी उभी. डोक्यात एवढंच की दादांचा सांगावा. मुलाखतीत मी तोच म्हटला होता. माझ्यामुळे झालं असं काहीतरी वाटलं, कारण नसताना.
तेवढ्यात कंडक्टर परत पळत आला. हातात चहाचा ग्लास.
"अवो, एक ऱ्हायलं. कागद घेऊन ये म्हनला. सगळे. वरिजिनल."
ठकूआत्याने मान वर केली.
आई पदर तोंडाशी धरून, "कसले कागद?"
"ते काय म्हाईत न्हाई. पुन्याहून फोन आलाय म्हनला. एकजन आलाच न्हाई म्हनं शीटवर. लई खूष व्हता. पेढा दिला मला."
मेलेल्या माणसासाठी कोणी ओरिजिनल मागत नाही.
मी चिखलात बसले. खालीच. रोपांत.
ठकूआत्याला आधी कळलं. तिने डोळे पुसले, मग हात वर केले, फ्लेक्ससकट. "नाशिकफाट्याला उतरला! म्हनलं व्हतं का न्हाई?" आणि मला उचललं. चौघींनी उचललं. चिखलाने माखलेली, सहा बाय चारच्या तुकड्यांत.
आई अजून बांधावर. "म्हंजे धाकली जिती हाय?"
"जिती हाय, वैनी," कंडक्टर म्हणाला. "सकाळीच भांडत व्हती माझ्याशी, सुट्ट्या पैशावरनं."
आई उठली. चेहरा पुसला. "मग पाटा तिच्याकडं कसा काय?" म्हणाली. पण आवाजात राग नव्हता.
अर्ध्या वाडीला काकू गेल्याचं कळलं होतं. ते परत सांगत फिरण्यात तास गेला.
दत्ताला त्या शब्दांमागची खूण माहीत नव्हती. दादा गेले तेव्हा तो लहान होता. त्याला वाटलं, घाईचं आहे ते नीट कळावं. नीट कळलं.
प्रबंधातलं पहिलं उदाहरण हेच.

१७ जुलै
पहाटेची गाडी. आई बरोबर. म्हणे, धाकलीला डोळ्यांनी बघून येते.
गाडीत बसताना ठकूआत्या आली. तिचा तुकडा धुऊन आणला होता. "कागद भिजतील. ह्ये घे. मला 'हार्दिक' पुरं, ते दुसरीकडनं घेते." कागद त्यात गुंडाळले. वर 'निवड झाल्याबद्दल'.
घोडेगाव. काकू दुकानाच्या पायरीवर गवारीच्या शेंगा मोडत होती. आई तिच्यासमोर उभी राहिली.
आई: "काल मी तुझ्यासाठी रडले. फुकट."
काकू: "किती रडलीस?"
आई: "लई."
काकूने सरकून जागा केली. आई बसली आणि शेंगा मोडायला लागली. त्यांना तिथे सोडून पुढची गाडी पकडली.
पुणे. पावणेतीन. विभाग. कारकुनाने गुंडाळी पाहिली. उघडायच्या आधी वाचली. "हे आधीच छापलं का?"
"हो. जूनमध्ये."
पहिल्यांदा हसला. कालचा उमेदवार दुसऱ्या शहरात नोकरीला लागला, पाचपर्यंत आला नाही, त्याचं पत्र आज सकाळी. त्याला मनातल्या मनात शुभेच्छा. फ्लेक्स लावावा इतक्या.
कागद तपासले. एकही भिजला नव्हता. शिक्का. सही केली. हातावरचा चिखल नखांत अजून होता, सहीवर थोडा उतरला.
पावतीवर: तात्पुरता प्रवेश. सहा महिन्यांत समितीपुढे विषय मांडायचा. समितीने मान्य केला तर कायम.
म्हणजे पुन्हा वाट. पण आता गाडीच्या आत.
जिन्यात मधल्या बाई. थांबल्या. म्हणाल्या, "सांगावा पोचला ना?"
म्हटलं, "पोचला. पण एक मेली होती, मग जिवंत झाली. सांगेन."
"सहा महिन्यांनी सांगा. समितीला." आणि हसल्या.

२० जुलै
रविवार. घोडेगाव. आई तीन दिवस काकूकडेच आहे. पाट्यावर चटणी वाटली म्हणे. वरवंटा नव्हता, दगडाने वाटली.
यासीनचा जुन्नरहून दत्ताला फोन: मुलगी पास. फ्लेक्स घराबाहेर लावला. माझ्यासाठी विचारत होता, मॅडमचा छापायचा का, आता खरा.
दत्ता संगणकासमोर बसलाय. माझा नवा फोटो काढलाय, हात कापायची गरज नाही असा.
"मजकूर तू दे," म्हणाला. "ह्या बारीला माझ्यावर नको. पूर्न वाक्य."
"तात्पुरता प्रवेश आहे, दत्ता. सहा महिन्यांनी समिती आहे."
"मंग तसं लिव."
"समितीने नाकारलं तर?"
"तर खाचरं हायेतच. ठकूआत्या म्हनली, तुकडे कमी पडले. अजून चार बायांना पायजेत."
काउंटरवर वही घेऊन बसले. चार वाक्यं लिहिली. पहिलं खोटं. दुसरं खरं, पण कोणी वाचणार नाही इतकं लांब. तिसरं 'तात्पुरत्या प्रवेशाबद्दल', ते यासीन छापणार नाही. चौथ्यात नुसतं माझं नाव आणि वाडीचं नाव. पुढे काही नाही.
तिसऱ्याकडे परत गेले. एक शब्द काढला. परत घातला.
काकू आतून, "झालं का गं?" आई आतून, "तिला घाई करू नको, धाकले."
दत्ता बाहेर गेलाय. रिक्षावाल्यांना बाजूला व्हायला सांगतोय. फ्लेक्स अजून छापायचाय, तरी शिडी लावून झाली आहे, तो खालची पायरी धरून उभा आहे, माझ्याकडे बघतोय.